लोसालिनेच्या अंगावरचा उजेड

९ जुलै, मंगळवार

सात नंबरचा दिवा लाल मागितला की जांभळा देतो. नंबर तपासला, वायर बदलली, दिव्यांचा बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला — जांभळाच. शेवटी उघडला. आत पाल! दोन तारांच्या मधोमध वाळून चिकटलेली. लाल मागितला की तिच्यातून निळाही येत होता. खरवडून काढली, खारा गंज ब्रशने घासला, आणि लाल आला. दुपार गेली.

हे रंग बदलणारे दिवे ऑकलंडच्या मंडळींनी चर्चच्या हॉलला पिंपात घालून पाठवले. कसे वापरायचे ते सांगायला विसरले. बेटावरच्या या अख्ख्या नेयाफू गावात त्यातलं कळणारा मी एकटा. म्हणजे न कळणाराही मीच.

येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी माझ्या बहिणीचा, लोसालिनेचा एकविसावा वाढदिवस. ती एकटी नाचणार. ऑकलंडचे पाद्रीबुवा बायको-मुलासह येतायत, मुलासाठी तिला बघायला. आईला आत्तापासून झोप नाही.

१० जुलै, बुधवार

पहिली तालीम. मी मागे बोर्डापाशी, मान खाली. सख्खी बहीण नाचते आणि भावाने टक लावून बघायचं? आमच्यात ते चालत नाही. घरात ती टीव्हीसमोर बसली की मी अंगणात जातो, आणि इथे तिच्यावर दिवे मीच टाकायचे! म्हणून फुसी आत्या समोर बसून सांगते आणि मी बोर्डावरच्या सरकपट्ट्या खाली-वर करतो.

आज आत्या ओरडली, "सेमिसी, ही मुलगी आहे का भिंत? तेल कुठे गेलं?"

मी पिवळा वाढवला. "आता?"

"आता पिवळी भिंत."

हॉलमधल्या बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. नाचणारीच्या अंगावर तेल लखलखलं पाहिजे. ते मुरलं, अंग कोरडं दिसलं, तर पोरीने कुणाबरोबर काय केलंय याची कुजबुज सुरू होते. तोंडावर कोणी बोलत नाही. फक्त पाहुणे जेवून निघून जातात.

११ जुलै, गुरुवार

सगळे दिवे खाली उतरवले. काचांवर मिठाचा थर. पावसाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसल्या. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर हॉल बांधला की असंच होणार. आता चमकेल, असं मनाशी म्हटलं.

संध्याकाळी आत्या म्हणाली, "भिंत धुऊन काढलीस का? छान."

१२ जुलै, शुक्रवार

आज हॉलमध्ये कोणी नसताना नाचायच्या जागी खुर्चीवर भोपळा ठेवला. आत्याच्या बाटलीतलं तेल चोळलं. दिवे लावले, काहीच न बदलता.

भोपळा चमकला.

मग माझ्या हाताला लावलं. हातही चमकला. अगदी आरशासारखा नाही, पण चमकला.

म्हणजे दिवे ठीक. तेल ठीक. मग? पुढचं वाक्य मला लिहायचं नाही.

१४ जुलै, रविवार

रविवार. दिव्यांना हात लावायचा नाही. दोन्ही वेळा चर्च. लोसालिने पलीकडच्या बाकावर गात होती, आवाज स्वच्छ. मी प्रार्थना केली, पण दिव्यांसाठी की तिच्यासाठी ते माझं मलाच कळलं नाही. देवालाही कळलं नसेल.

१५ जुलै, सोमवार

बहिणीला विचारता येत नाही. असलं काही तर नाहीच नाही, 'तेल नीट लावतेस ना' एवढंही नाही. आईला विचारलं तर ती तिथेच कोसळेल. राहिली आत्या. बापाची बहीण, आमच्यात तिच्यापुढे इथल्या पाद्रीबुवांचंही काही चालत नाही. ती पडवीत चटई विणत होती.

"आत्या, एखाद्याचं कातडं तेल पितं का गं?"

"एखाद्याचं म्हणजे कुणाचं?"

"कुणाचंही. आपलं सहज."

"तुझं डोकं पितं. मला ते मातीचं भांडं वाटतं." मग हातातलं काम थांबवलं. "हे बघ. तेल मी स्वतः केलंय, उन्हात मी ठेवलंय. लोक तेलाला बोलले तर मी ऐकून घेईन. तिला बोलले तर तुझी आई पुन्हा त्या चर्चची पायरी चढणार नाही. तू दिवे बघ."

म्हणजे तिलाही शंका आहे! की नाही? दिवे बघ म्हणजे दिव्यांचाच दोष आहे, की दोष दिव्यांनी झाकायचा आहे? घरी येऊन ताटातला टॅरोचा उकडलेला कंद चिवडत बसलो. आईने विचारलं, पोट बिघडलं का. हो म्हणालो.

१७ जुलै, बुधवार

काल दिवसभर रंग बदलून पाहिले. नुसता पांढरा — राख. लाल जास्त — उकडलेलं मांस. हिरवा — आत्याने चप्पल भिरकावली. माझं डोकं चालेना.

आज मात्र धक्क्यावर बसलो होतो. सूर्य टेकला होता. माझ्या पाठीकडचं पाणी नुसतं निळं, मेलेलं. सूर्याकडचं मात्र प्रत्येक लाटेला धार आलेली. पाणी तेच! फक्त उजेड आडवा.

तसाच पळत हॉलमध्ये गेलो. समोरचे निम्मे दिवे उतरवले. दोन्ही बाजूंना माडाचे सोट उभे केले आणि कमरेच्या उंचीला चार-चार दिवे बांधले. मागच्या वर्षी कोरसवाल्यांच्या तोंडावर रंगीत ठिपके पडतात म्हणून मीच या दिव्यांवर दुधी कागद लावला होता. तोही फाडला. लाल भरपूर, हिरवा जरासा, थोडा पांढरा. समोरून फक्त मंद निळा.

१८ जुलै, गुरुवार

तालीम. अर्धा नाच झाला. मी मान खाली घालून वाट बघतोय.

"आत्या?"

"थांब."

मग तिच्या कमरेला गुंडाळलेल्या चटईची सळसळ ऐकू आली. ती उठून बोर्डापर्यंत आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या बापानंतर असा हात कोणी ठेवला नव्हता.

एवढं होऊनही समाधान नाही. दोष दिव्यांचा होता तर भोपळा का चमकला? माझा हात का चमकला? जाऊ दे. मला उत्तर नको आहे. चमकतंय, बास.

२० जुलै, शनिवार

झालं!

आत्याने खोलीत स्वतः तेल लावून तिला बाहेर आणलं. गाणं सुरू झालं, मी आडवे दिवे हळूहळू चढवले. लोकांचा आवाज आधी आला, मग मी बघितलं — आज एकदा, एकदाच मान वर केली, ती नाच संपेपर्यंत खाली घातली नाही. खांदे, हात, बोटांची टोकं, सगळं उजळलेलं. पाद्रीबुवांची बायको पहिली उठली. रिवाजाप्रमाणे तिने बक्षिसाची नोट घेतली आणि लोसालिनेच्या दंडावर दाबली. नोट तेलाला चिकटली. मग रांगच लागली. आई रडत होती आणि हसत होती, तिला धरायला दोन बायका लागल्या.

नाच संपला तशी लोसालिनेने थेट दिव्यांकडे पाहिलं. नाचताना सारखी हसत होती, तेव्हा आता हसली नाही म्हणून मला काही वाटलं नाही. थकली असेल.

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी कुणाच्या तरी कामाला आलो. जेवताना बुवा म्हणाले, "दिवे कोणाचे?" आत्या म्हणाली, "भावाचे."

२२ जुलै, सोमवार

हॉलमध्ये वायरी गुंडाळत होतो. लोसालिने एकटी आत आली, दार लावलं आणि समोर उभी राहिली. मी मान खाली घातली. तिने नाही घातली.

"आधी अंगाला आरारूट चोळायचे मी. रोज. त्याच्यावरून तेल, म्हणजे ते पिऊन टाकेल. शनिवारीसुद्धा. ते लोक मला बघून परत गेले असते, सेमिसी. लोकांनी काय म्हटलं असतं ते मी सोसलं असतं. मला तिकडे जायचंच नव्हतं."

लग्न सप्टेंबरात. आई तिची पेटी भरते आहे.