घोगऱ्या आवाजाचं कारण

रविवार, ९ मार्च

लाडक्या ठमे,

भरपूर आशीर्वाद. तू बरी असशील, तुझे 'हे'ही मजेत असतील. आम्ही ठीक. फोनवर माझा आवाज ऐकला की तुझं डोकं फिरतं, म्हणून पत्र. कारण एवढंच, की तू एकदा रक्त तपासून घ्यावंस.

अगं, माझा थायरॉइड मंदावलाय. गळ्यातली एवढीशी ग्रंथी, पण तिने कामचुकारपणा केला की सगळं अंग संपावर जातं. भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून मशीनवर बसायचे, गिऱ्हाइकं हसायची. ब्लाउज अंगात शिरेना, तर मला वाटलं मापाची टेपच धुण्यात आटली! नवी आणली. मेलीने तेच माप सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आवाज कधीपासून घोगरा आहे? बोलणं आधीपासून असंच संथ?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, "बाई, माझी धाकटी बहीण याच आवाजावर रुसून गेली हो."

खरंच ना? आपल्या शिलाईच्या दुकानात तू काही विचारलंस की मी उत्तर शोधत बसायचे. तुला वाटलं, ताईला आपला कंटाळा आला. कंटाळा कसला, डोंबलाचा! तुझ्याकडे मान वळवायचाही शीण व्हायचा गं.

आता सकाळी रिकाम्या पोटी गोळी, मग तासभर चहा नाही. त्या तासात माझ्या वाटेला कुणी जात नाही. मध्ये बरं वाटलं म्हणून शहाणपणा केला, गोळी सोडली आणि पुन्हा आडवी झाले. बाईंनी चांगलं फैलावर घेतलं. ही बहुधा जन्माची सोबत आहे, म्हणाल्या. आवाज मात्र पुष्कळ सुटलाय. परवा काजं करताना गुणगुणत होते. शेजारी कुणी नव्हतं, मग गप्प झाले.

हा आजार घराण्यात असू शकतो म्हणे. तुझे केस गळतात, चेहरा सुजतो, असं मावशी सांगत होती. अंगावर काढू नकोस. आईला सगळे जन्मभर आळशी म्हणाले. तिला काय होतंय, हे कुणी विचारलंच नाही.

तपासणी इथेच करू, म्हणजे तुला सोबत होईल. जाऊ दे, खरं तेच लिहिते. मला तू हवी आहेस. दुकानात, शेजारी, अगदी भांडायलासुद्धा.

रक्तात काही निघालं नाही, तरी ये.

वाट बघणारी,
ताई