दोन पायांची गाजरं

दोंडाईचा,
१२ जानेवारी २०२५

ती. दिपमाला अक्कास,
अभिमनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

माय गेल्यापासून फोनवर तिचा विषय निघाला की आपण दोघं घाईने फोन ठेवतो, म्हणून पत्र. यंदा गाजरांचं पोतं येणार नाही. भाऊजींना म्हणावं, हलव्याची वाट पाहू नका. विहिरीजवळच्या मायच्या तुकड्यात सगळी गाजरं गाठाळ आणि दोन पायांची निघाली. कृषी सहायक नवलभाऊंनी गाठ फोडून भिंगातून दाखवलं. सूत्रकृमी! खसखशीहून बारीक पांढरी मादी मुळात बसते, जागची हलत नाही आणि शेकड्यांनी अंडी घालते. पिल्लं ओल्या मातीतून शेजारच्या मुळात शिरतात. ते म्हणाले, एकूणएक मुळं उपटून जाळा, उन्हात नांगरून ठेवा, दोन वर्षं झेंडू लावा. जुनी गाजरं मातीत राहतात का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं.

तुझ्या होकाराशिवाय तुकड्याला हात लावणार नाही. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
अभिमन

मेहरूण, जळगाव,
१८ जानेवारी

चि. अभिमनास अ. उ. आ.

खोटारड्या! दोन पायांची गाजरं म्हणजे आपल्या बाहुल्या. चिंध्यांची लुगडी नेसवून आपण त्यांची लग्नं लावायचो. नवरदेवाकडून रुसायचास तूच. मग जोडीने पुरायचो आणि माय हसायची. फार आठवतं रे. पण माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, खेळ तेव्हाच मोडला. मग हे किडे जगले कशावर? नवलभाऊंचं काहीतरी चुकतंय. मायचा हात फिरलेली माती आहे, जाळपोळ नको. मला माहेर आता तेवढंच उरलंय.

तब्येतीला जप.

अक्का

दोंडाईचा,
२४ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न.

तेवढंच माहेर? मग मी काय बुजगावणं? असो. नवलभाऊंचं चुकलेलं नाही. तू सासरी गेल्यावरही काढणीत दोन पायांचं गाजर निघालं की माय ते तुझी बाहुली म्हणून परत पुरायची. मी कुरकुरलो तर म्हणायची, ‘दिपमालानी बाहुली शे, फेकू नको.’ गेल्या वर्षी गुडघे धरून बसत होती, तरी पुरलंच. तुला लागेल म्हणून बोललो नव्हतो. आता थांबलो तर शेजारची वांगीही जातील. हो म्हण.

माया पातळ करू नकोस.

अभिमन

मेहरूण,
२९ जानेवारी

चि. अभिमनास अ. उ. आ.

पत्र ओट्यापाशी वाचलं आणि दूध उतू गेलं. इतकी वर्षं मला वाटायचं, मला सासरी धाडून माय मोकळी झाली. हो, जाळायलाच हवं. पण ९ तारखेच्या रविवारी मी पॅसेंजरने येते, तोवर काडी लावू नको. तिने माझ्यासाठी पुरलंय, तर जाळायचंही मीच.

स्टेशनवर ये.

तुझी,
अक्का