मक्यातलं मैदान आणि सासरेबुवांची पिशवी

प्रिय रोलंड मेव्हणे यांना,

आयोवातून वेंडेलचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा निवडुंगांचा बगीचा आणि तुमचा तो पोहण्याचा तलाव, सगळे खुशाल असतील अशी आशा आहे. इकडे तुमची बहीण जुडिथ ठीक, मी ठीक, माझं पोट गरजेपेक्षा जरा जास्तच ठीक. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुमचं 'बरं, ठेवतो मग' दुसऱ्याच वाक्याला येतं आणि मला मुद्द्यावर यायलाच अर्धा तास लागतो (मक्याचं बियाणं विकणाऱ्याला एवढा लागतोच). पत्र मात्र मध्येच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण मला ते दिसत नाही.

तुमच्या वडिलांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलंय हे जुडिथनं कळवलं असेलच. मका कापून झाला की लगेच. डॉक्टर म्हणाले, दुखणं जाईल, पण त्यानंतर हात ताटापर्यंत पोचेल, त्याच्या वर नाही. सासरेबुवांनी हे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांकडे त्यांच्या गाडीच्या टायरची चौकशी केली. पुढच्या रविवारी चर्चनंतर आम्ही हॅम सँडविच खात बसलो होतो, तेव्हा ते एकदम म्हणाले, "त्या सिनेमावाल्या मैदानाशी पार्किंग चांगलं आहे म्हणतात."

जुडिथच्या हातातलं सँडविच तिथंच राहिलं. मक्याच्या शेतातलं ते बेसबॉलचं मैदान आपल्यापासून अर्ध्या तासावर. सिनेमात एक शेतकरी उभा मका मोडून ते करतो आणि शेवटी त्याचा गेलेला बाप येऊन त्याच्याशी चेंडू फेकाफेकी खेळतो. ते बघायला जपानहून माणसं येतात, पण आपल्या घरातलं कुणी तिकडं फिरकलं नाही. एक तर पिकतं तिथं विकत नाही, आणि इथं तर मकाच पिकतो. दुसरं म्हणजे, उभा मका मोडून तिथं खेळणारा माणूस गाढव, असा निकाल सासरेबुवांनी सिनेमावाले आले त्याच साली दिला होता (तुम्ही तेव्हा इथंच होतात, ऐकला असेल). आणि आता पार्किंग! ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमच्या घराण्याची रीत मला इतक्या वर्षांत पाठ झाली आहे. मी म्हटलं, शनिवारी जाऊ या का? ते म्हणाले, "माझं काही अडलेलं नाही. तुम्हाला जायचं असेल तर बसतो गाडीत."

शनिवारी आमच्या आधी येऊन गाडीत बसले होते. मांडीवर किराणा दुकानाची कागदी पिशवी, तोंड तीनदा दुमडलेलं. त्या पिशवीत काय आहे या विचारानं मला गाडी सरळ चालवता येईना. चौकसपणा हा माझा धंदाच आहे, कुंपणापलीकडे कुणी काय पेरलंय ते मला कळायलाच लागतं. मी म्हटलं, पिशवी मागं ठेवू का? नको. डब्यात काही सांडेल का? डबा नाही. जुडिथनं माझ्या पायावर पाय दिला, तोही नेमका गाडी चालवायच्या पायावर, त्यामुळे आम्ही तिथं अंमळ लवकर पोचलो.

पार्किंग खरंच चांगलं आहे. पण मेव्हणे, तिथं बाप्ये रडतात हो! चांगले दाढीवाले, थोराड बाप्ये. मुलाकडे चेंडू फेकतात, मुलगा परत फेकतो, की लागले डोळे पुसायला. आता हे का, ते विचारल्याशिवाय मला राहवेना. ओहायोहून आलेला एक भला माणूस कुंपणाला टेकून मुसमुसत होता, त्याला मी गाठला. तो म्हणाला, "काय सांगू, बाप गेला तेव्हासुद्धा एवढं आलं नव्हतं. आमचे वडील तर गोल्फ खेळायचे." मी त्याला माझं बियाण्याच्या धंद्याचं कार्ड दिलं. सासरेबुवा इकडे मक्याच्या कडेला उभे राहून ओळी न्याहाळत होते. "सरळ पेरलाय," एवढंच म्हणाले. तुम्हाला माहीतच आहे, माझ्या लग्नातल्या भाषणातही त्यांनी माझी एवढी स्तुती केली नव्हती.

मग त्यांनी पिशवी उघडली. आत एक जुना चेंडू आणि झेलायचे दोन चामडी ग्लोव्ह. एक त्यांचा. दुसरा त्यांनी माझ्यापुढं धरला. तो उजव्या हातात घालायचा होता, म्हणजे डाव्या हातानं फेकणाऱ्या डावखुऱ्याचा. मी जन्माचा उजवा. पण धरलेली वस्तू नाकारायची आपल्याकडे पद्धत नाही, तेव्हा मी तो चढवला आणि डाव्या हातानं फेकायला उभा राहिलो. माझा पहिला चेंडू थेट मक्यात गेला. तीन अनोळखी कुटुंबांनी मिळून तो शोधून दिला. दुसरा एका बाईच्या लिंबू सरबतापाशी पडला. ती म्हणाली, असू द्या, असू द्या. हळूहळू मला जमायला लागलं आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

कारण थांबायचं कुणी? पाहुणा निघतो म्हणाल्यावर आपल्याकडे स्वयंपाकघरापासून गाडीपर्यंत पोचायला तास जातो, तिथं समोरच्यानं फेकलेला चेंडू खिशात घालून 'पुरे' म्हणणार कोण? ते थांबेनात म्हणून मी थांबेना, मी थांबेना म्हणून ते. माझा डावा खांदा बोंबलायला लागला, त्यांच्या उजव्याचं काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक. जुडिथ ओरडली, "बाबा, बास करा आता!"

"वेंडेलला विचार. तो दमला असेल."

"मी? छे! तुमचं झालं असेल तर..."

"माझं काय, तुझं चालू दे."

भोवती गर्दी जमली. ओहायोवाला पुन्हा सुरू झाला. एक बाई जुडिथला म्हणाली, तुमच्या वडिलांचं आणि भावाचं काय हो हे प्रेम! जुडिथनं ती चूक दुरुस्त केली नाही. ती सरळ आमच्या मध्ये चालत आली, येणारा चेंडू नुसत्या हातानं झेलला आणि म्हणाली, "मला भूक लागली आहे." सासरेबुवा तिच्याकडे बघतच राहिले. "हिला कुणी शिकवलं?" त्यांनी मला विचारलं. इतकी वर्षं ती त्यांच्याच घरात वाढली, मला काय माहीत!

परत येताना तो ग्लोव्ह माझ्या मांडीवर होता. चामड्याला ताज्या तेलाचा वास होता आणि वादी नवी कोरी घातलेली. खांदा दुखत असताना ती वादी ओवायला त्यांना किती संध्याकाळी लागल्या असतील, हे विचारायचं मी टाळलं. तेवढ्यात ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रोलंडचा डावा हात फेकायला हलका होता." आणि मग माझं मन राखायला, "तुझंही अगदीच वाईट नव्हतं."

बाकी सर्व क्षेम. वहिनींना आणि निवडुंगांना आमचा नमस्कार सांगावा.

आपला,
वेंडेल

ता. क. – मका यंदा लवकर तयार होतोय, म्हणजे ऑपरेशनही लवकर. तुमचं आणि त्यांचं कधी भांडण झालं नाही हे मी जाणतो. झालं असतं तर निदान समेट करायला तरी तुम्ही आला असता. मेव्हणे, त्याआधी एकदा या. मी डाव्या हातानं कितीही फेकलं तरी मी तुम्ही नव्हे.

ता. क. २ – तुमच्यावर दबाव आणू नकोस, असं जुडिथ सांगते आहे. मी मुळीच आणत नाही. पाहुण्यांच्या खोलीतली बियाण्याची पोती मात्र मी कालच हलवली.

ता. क. ३ – पाकीट चिकटवणार तोच सासरेबुवा दारात आले. कुणाला लिहितोयस? मी सांगितलं. काही कळवायचंय का विचारलं, तर दारातच बूट काढून त्यातलं पाणी ओतत राहिले. आज चौथा दिवस पाऊस कोसळतोय, तळघरात पाणी शिरलंय, ते स्वतः गुडघ्यापर्यंत भिजलेले. शेवटी म्हणाले, "लिही त्याला, इथं हवा फार छान आहे." याआधी उभ्या आयुष्यात हा माणूस हवेबद्दल खोटं बोललेला नाही.