ताटाची डावी बाजू

३ फेब्रुवारी, सोमवार

आजही ताटात चटणी नाही. कोशिंबीर नाही. लिंबाची फोडसुद्धा नाही! उजवीकडे भाजी, आमटी, समोर पोळ्या — डावी बाजू कोरी. स्वयंपाकाच्या जिजाबाईला विचारलं तर म्हणते, वाढलंय ताई. उभं आयुष्य ऑडिटमध्ये गेलं माझं. माझ्या ताटात काय आहे, हे आता तिनं मला सांगावं?

५ फेब्रुवारी, बुधवार

जिजाबाईला काढून टाकलं.

आज पुन्हा तेच. शिवाय स्वयंपाकघरातून तिचा आवाज — वाढली नं चटणी, मी काहून खोटं बोलू? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट चूक माफ करत, थाप नाही. मीही नाही. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं. तिनं पदराला हात पुसले.

"काम गेलं तं गेलं, ताई. पण मले खोटी नका म्हणू."

म्हटलं. दोनदा!

६ फेब्रुवारी, गुरुवार

चटणी स्वतः वाटली, स्वतः वाढली. जेवून ताट घासायला नेलं तर चटणी तशीच! विसरले असेन. वय.

जिजाबाई काही माफी मागायला आली नाही. घमेंड.

८ फेब्रुवारी, शनिवार

भाची हिमानी आली आणि दारातच थबकली. मावशी, अर्धेच केस विंचरलेस? मी म्हटलं, फॅशन काय फक्त तुम्हीच करायची? ती हसली नाही. सरळ गाडीत घातलं आणि मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर पोरगेलासा. मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं — मला! काढलं. बाराही आकडे, क्रमानं, चोख. त्यानं कागद उजवीकडे सरकवला. सगळे आकडे एकाच अर्ध्यात कोंबलेले. डावा अर्धा रिकामा.

म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या उजव्या बाजूला छोटा झटका येऊन गेलाय, आठवडा तरी झाला असेल. (मला पत्ता नाही!) डोळे सगळं पोचवतात. मेंदू डावीकडचं घेत नाही, आणि घेतलं नाही हेही कळवत नाही. उरलेलं अर्धंच पूर्ण म्हणून समोर ठेवतो. असला कारकून माझ्या हाताखाली असता तर मेमो दिला असता. पण मी बघते ते सगळं त्याच्याच हातून येतं. तक्रार करायची कुणाकडे?

गोळ्या दिल्या. वर एक व्यायाम — सारखी मुद्दाम मान डावीकडे वळवून पाहायचं.

म्हणजे चटणी रोज होती.

उद्या जिजाबाईच्या घरी जायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

निघाले. दार ओढून घेतलं. डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणून मान डावीकडे वळवली. पायरीवर जिजाबाई बसलेली.

कधी आलीस, विचारलं.

"रोजच येऊन राहिली, ताई. तुमी बाजूनं निघून जाता. पाहतबी नाही."