आकारामच्या लेथची जाळी

१ जानेवारी १९७५, बुधवार
आजपासून डायरी रोज. फौजेत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला शिस्त शिकवावी लागत नाही. धन्यकुमार शेठनी कुपवाडच्या वर्कशॉपात मला सेफ्टी इन्चार्ज केलंय. गेटची ड्यूटी आहेच, ती वेगळी. फळ्यावर रोज थंडीच्या तीन सूचना लिहिणार: घर, काम, रस्ता. आजच्या: शेगडी पेटवून दार बंद करू नका. मफलर बांधून लेथवर उभे राहू नका. धुक्यात सायकल हळू चालवा.
मी हळूच चालवतो. म्हणून आज लेट झालो.

३ जानेवारी
लेथवाला आकाराम फळा वाचून म्हणाला, हवालदार, मफलर काढला तर कानात वारं जातंय, त्याचं काय? मी म्हणालो, कान दोन हायत, तसं हात पण दोनच हायत. चांगलं सुचलं.

४ जानेवारी, शनिवार
उद्या पलूसला बहिणीच्या, रंगूबाईच्या रानात हुरडा. गेल्या वर्षी आगटीच्या निखाऱ्यात भाच्याचा पाय पडला होता. घरची सेफ्टीही आपलीच जबाबदारी. आकारामच्या लेथच्या फिरत्या पट्ट्यावर हात जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी आहे. कणसं भाजून झाली की जाळी निखाऱ्यांवर पालथी घालायची. सोमवारी काम सुरू व्हायच्या आत परत.
आकारामनं स्वतः नट सोडून दिले. म्हणाला, न्या की, एका दिवसाचा तर सवाल हाय. आन् मला मूठभर हुरडा आणा.

५ जानेवारी
हुरडा लय भारी. एकही पोर भाजलं नाही. निघताना जाळी तापलेली होती. तापलेलं लोखंड एस.टी.त आणणं प्रवाशांच्या दृष्टीनं धोक्याचं. ठेवून आलो. आकारामचा हुरडा गाडीत संपला.

६ जानेवारी
आकारामनं जाळी विचारली. बुधवारी, म्हणालो. त्याच्यासाठी फळ्यावर मुद्दाम लिहिलं: पट्ट्यापासून हातभर लांब राहा. शेठना सांगायचं राहिलं.

९ जानेवारी, गुरुवार
काल जाणारच होतो. पण उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता तुंबलेला. या दिवसांत विनाकारण प्रवास टाळावा. हीच आजची रस्त्याची सूचना.

१३ जानेवारी
भाच्याबरोबर जाळी पाठव म्हणून रंगूबाईला कार्ड लिहिलं. आकाराम हल्ली विचारत नाही. समजूतदार माणूस.

१७ जानेवारी, शुक्रवार. सकाळी साडेनऊ
आकारामचा उजवा हात पट्ट्यात गेला. मफलर नव्हता, फळ्यावर लिहिल्याप्रमाणे काढून ठेवला होता. स्वेटरची बाही अडकली. शेजारच्या मशीनवरच्या केरबानं पळत जाऊन स्विच पाडला. मी गेटवर होतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मिरजेला दवाखान्यात नेलं. टेम्पोत मी त्याला धरून बसलो होतो. तो सारखा म्हणत होता, हवालदार, तुमी थरथरताय, नीट बसा.
घरी येऊन कोट काढला. कार्ड खिशातच होतं.

१८ जानेवारी
दवाखान्यातच रिपोर्ट लिहायला घेतला. कारण: थंडीनं हात बधिर. स्वेटर सैल, घरी विणलेला. ते खरंच आहे. आकारामची बायको अंजना बाहेरच्या बाकावर बसली होती, स्वेटर तिनंच विणलेला. ते वाक्य खोडलं.
शेठनी दवाखान्यात येऊन विचारलं, जाळी कुठं होती? माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात खाटेवरून आकाराम म्हणाला, नट ढिलं झालं हुतं, मीच काढून ठिवली. शेठ म्हणाले, निष्काळजीपणा. मी मान हलवली. का हलवली?
जेवलो नाही. नंतर थोडी भाकरी खाल्ली.

२५ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, हात वाचला, पण दोन बोटं आता वाकणार नाहीत. लेथचं काम तर बोटांचंच.

२६ जानेवारी, रविवार
पलूसला गेलो. गाडी रिकामी, रस्ता मोकळा. अंगणात जाळी कोंबडीच्या पिलांवर पालथी घातलेली. रंगूबाई म्हणाली, दादा, लय कामाची हाय बघ. मांजर रोज भवतीनं फिरतंय, पर अकरातलं एक बी पिल्लू गेलं न्हाई. ऱ्हाऊ दे की. मी उचलली. पिल्लं चहूकडं पळाली.

२७ जानेवारी
जाळी बसवली. चार नट. दहा मिनिटं लागली.
मिरजेला जाऊन आकारामला सांगितलं. बरं झालं, म्हणाला. मग विचारलं, हुरडा कसा हुता, तुमी सांगितलंच न्हाई. मी म्हणालो, बरा होता.
उद्या शेठना सगळं सांगायचं. सकाळीच.

२८ जानेवारी
शेठ बाहुबलीला दर्शनाला गेलेत, गुरुवारी येतील. पण आज थांबायचं नाही असं ठरवलं होतं. फळ्यावर सूचनांच्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलं: जाळी मी नेली होती.
केरबा चहाचा ग्लास घेऊन आला. वाचलं. म्हणाला, हे समद्यास्नी पहिल्या दिवसापासनं ठावं हाय, हवालदार. शेठ यायच्या आत पुसा. हवालदार आसलं कायतरी लिवतील, लिवू देऊ नगा, म्हणून आकारामनं निरोप दिलाय.
पुसलं.