जिवाईची बांधी

मी शामकला बिसराम लंजे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार नवेगाव बांध, जिल्हा गोंदिया. लकव्याने उजवं अंग गेलं, डोकं शाबूत आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भुलवणीने नाही, माझ्या मर्जीने सांगून लिहवून घेत आहे. याआधी काही लिहिलेलं नाही.

१. वाटणीच्या वेळी शेती दोन्ही मुलांच्या नावे केली. तलावाखालच्या धानाच्या दोन बांध्या (बांध घातलेली खाचरं) आमच्या रिवाजाप्रमाणे जिवाई म्हणून, म्हणजे म्हातारपणाच्या पोटापाण्यासाठी, माझ्या नावे ठेवल्या. जो मुलगा शेवटपर्यंत पाहील, जिवाई त्याची. धाकटा इंद्रकुमार बारा वर्षांपूर्वी वारला, म्हणून थोरला उमेंद्र ती आपलीच धरून आहे. रिवाजात सुनेचं नाव नाही. ते मी इथे घालते. दोन्ही बांध्या आणि माझ्या नावावरचं राहतं घर इंद्रकुमारची विधवा दुर्गेश्वरी हिला पूर्ण मालकीने द्यावं.

२. कारण सांगते. ही सून मला पसंत नव्हती. इंद्रकुमारची तेरवी होताच मी तिला 'माहेरी जा' म्हणाले, त्याची आज लाज वाटते. ती गेली नाही. आमच्या पाण्याची पाळी आली की फावडं घेऊन ती बांधावर उभी राहायची, आणि पाणी चोरणारे गडी मुकाट बाजूला व्हायचे.

चार वर्षांपूर्वी मी लकव्याने पडले. उमेंद्र म्हणाला, बांध्या विकू, गोंदियात बाई ठेवून तुला पाहू. त्याच्या मनात खोट नव्हती. दुर्गेश्वरी चुलीपासून न उठता बोलली, "भाऊजी, मायले पाहाले बांध्या कायले विकता? मी जित्ती आहो ना."

तेव्हापासून दर दोन तासांनी ती मला कुशीवर वळवते. डॉक्टरांनी पाठ तपासली, एक जखम सापडली नाही. विचारलं, नर्स कोणती ठेवली? मी म्हणाले, "नर्स नाही जी, सून होय." इतका अभिमान मला मुलांचाही वाटला नव्हता.

३. बँकेतली शिल्लक मी जिवंत आहे तोवर माझ्या औषधपाण्याला लावावी, आणि रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, दिवसांत दुर्गेश्वरीच्या मदतीला बाई ठेवावी. माझ्या तेरवीसाठी काही राखू नये. मेल्यावर गावजेवण घालण्यापेक्षा आत्ता हवेची गादी घ्या. उरेल ते उमेंद्रचं, औषधं आणून देणं त्याने कधी चुकवलं नाही. बापाची सागवानी पेटीही त्याचीच.

४. थोरली सून मंजू फोनवर माझ्याआधी बांध्यांची तब्येत विचारते. तरी माझ्या चांदीच्या पायपट्ट्या तिला द्याव्या.

५. दुर्गेश्वरीला मूल नाही. उद्या तिला जो पाहील, त्याला तिने बांध्या द्याव्या. नातं बघू नये.

६. तिला यातलं काही ठाऊक नाही. ती रोवण्यावर गेली आहे, मुद्दाम तीच वेळ निवडली.

वकिलांनी अंगठ्यासाठी शाई आणली आहे. ती लागणार नाही. दुर्गेश्वरी रोज सकाळी सुपात धान ओतून एकेक दाणा मला लुळ्या हाताने उचलायला लावते. मी शिव्या दिल्या, सूप उलथवलं. ती दाणे वेचून पुन्हा समोर ठेवायची, तीन वर्षं. उमेंद्र, सही वाकडी आहे म्हणून कोर्टात जाऊ नकोस. आधी घरी येऊन ते सूप बघ.

साक्षीदार: शालीकराम हातझाडे (सही), चेतना कापगते (सही)
ठिकाण: नवेगाव बांध
दिनांक: १४ जुलै २०२५

लिहून देणार: शामकला बिसराम लंजे
(सही, उजव्या हाताने)