खंडेनवमीची सबब

१६ ऑगस्ट, शनि. मिल्टन

रिव्हॉल्व्हर ठरलं एकदाचं. दुकानदाराने काचेवर तीन मांडली. त्यातलं मधलं, जरा हलकं ३५७ वालं, उचललं आणि मनगट म्हणालं, हेच घे. ओवेन शेजारीच उभा. म्हणाला, ग्रिझली अस्वल अंगावर आलं तर ह्याने त्याला नुसता राग येईल. मग चव्वेचाळीस मॅग्नम घेतलं. जड धूड आहे.

मनगटाबद्दल बोललो नाही. फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना उजव्या मनगटावर आपटलो, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही. ओवेनलाही नाही, आणि तो तर माझ्याबरोबर फील्डवर असतो. छप्पन्नाव्या वर्षी फील्डला जाऊ न शकणारा जिऑलॉजिस्ट म्हणजे... असो.

हत्यार बाळगायचा परवाना माझ्या एकट्याच्या नावावर. गेल्या वर्षी युकॉनमध्ये अस्वल समोर असताना ओवेनने मारलेला तिखटाचा स्प्रे वाऱ्याने त्याच्याच डोळ्यांत गेला, म्हणून कंपनीने धावपळ करून मिळवला. ते अस्वल आपणहून निघून गेलं. दर वेळी जाईलच असं नाही. यंदा तो वाकून नमुने गोळा करणार आणि मी पाठीशी पहारा देणार.

६ सप्टें.

नेमबाजीच्या रेंजवर परीक्षा झाली, पास. पण ‘स्पेशल’ गोळ्यांवर. ह्याच सिलिंडरमध्ये बसतात, धक्का निम्मा. कागदी निशाण्याला पुरतात, अस्वलाला नाही. शिकवणारा म्हणाला, छान, पण जंगलात नेणार त्याच गोळ्या एकदा इथे येऊन झाडून जा, बरोबर ओवेनलाही आण, त्यालाही बघू दे. हो म्हणालो. हो म्हणायला माझं काय जातं.

१३ सप्टें.

जड गोळ्या शोधतोय. टणक शिशाची, सपाट टोकाची हवी, हाडातून पार जाणारी. परवान्याशिवाय हँडगन घ्यायला बंदी आल्यापासून दुकानं हा माल ठेवतच नाहीत. मार्कहॅम: नाही. ग्वेल्फ: नाही, कधी येईल सांगता येत नाही. प्रत्येक ‘नाही’ला थॅंक्यू म्हणून फोन ठेवतो आणि बरं वाटतं. ह्या बरं वाटण्याची लाज वाटते. तरी वाटतंच.

पितृपक्षात असली खरेदी करू नये, असं आईचं मत. म्हटलं, मिळतच नाहीये, काळजी करू नको.

२१ सप्टें., रवि.

ओवेनला मिळाल्या. सुट्टीच्या दिवशी स्वतः गाडी हाकत पार सडबरीच्या पुढे गेला, सापळे लावणाऱ्या कुणा म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या ओळखीच्या दुकानात. परतताना थेट आमच्याकडे. आईने पोहे दिले, त्याने दोनदा घेतले. खोकी टेबलावर ठेवून म्हणाला, माझा जीव ह्यात आहे, नीट ठेव. हसत म्हणाला. शुभदा माझ्याकडे बघत होती. बायकोला मनगट ठाऊक आहे. रोज रात्री तेल तीच लावते.

तो गेल्यावर शु. एवढंच म्हणाली, “त्याला सांग.”

२६ सप्टें.

ओवेनचा फोन. रेंजचा बुधवार मिळतोय, निघायच्या आदल्या दिवशी, चालेल ना? चालेल म्हणालो. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर बुधवारी खंडेनवमी लिहिलेली आहे. फोनवर बोलताना मी त्या चौकोनाकडेच बघत होतो. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्याची हिंमत नाही.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

सकाळी आईने माझा हातोडा, होकायंत्र, भिंग पाटावर मांडून घेतलं. दर वर्षीसारखंच. म्हणाली, “तुझं ते नवीन हत्यार कुठाय?” बेसमेंटच्या तिजोरीतून आणलं. रिकामं, ट्रिगरला कुलूप. तिने कुलपालाच हळदकुंकू लावलं, झेंडू मिळाला नाही म्हणून ग्रोसरीतली पिवळी शेवंती वाहिली.

मग ओवेनला फोन केला. आज आमच्यात शस्त्रांची पूजा असते, मांडलेलं हत्यार दिवसभर हलवत नाहीत, रेंजला येता येणार नाही. त्यात खोटं काही नाही. लहानपणापासून हेच पाळत आलोय. तो लगेच म्हणाला, “ऑफ कोर्स, मॅन. आधी सांगायचंस, मी असला दिवस निवडलाच नसता.” वर माझीच माफी मागितली. ऑफिसला त्यानेच कळवलं. मॅनेजरचा मेसेज आला: सणाच्या शुभेच्छा, सोबत दिव्याचं चित्र.

शु. ऐकत होती. “देवाला मध्ये घातलंस,” म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

संध्याकाळी आईला सहज बोललो की आज रेंजला जायचं होतं, पूजेमुळे राहिलं. ती चिडलीच.

“मला सांगितलं असतंस तर पहाटे पूजा करून मोकळं केलं असतं, विनू. कामाचं हत्यार कामाला अडवून ठेवायचं असतं का?”

तिने संशयसुद्धा घेतला नाही. आपला मुलगा देवाधर्माचं पाळतो, ह्याचं तिला उलट कौतुकच असणार. ताटावरून उठून अंगणात जाऊन उभा राहिलो. शरम वाटली. अजून वाटतेय.

२ ऑक्टो., दसरा. विमानात

सीमोल्लंघन म्हणून आईने हातावर दही दिलं. नेमकं उजव्या. ओवेन पलीकडच्या सीटवर झोपलाय. गोळ्या सामानात.

५ ऑक्टो. कॅम्प, युकॉन

पहिला पूर्ण दिवस नाल्यात. जड गोळ्या भरून कमरेला. वाटेत अस्वलाची ताजी विष्ठा, लाल बेरींनी भरलेली. गेल्या वर्षी ओवेन दगड फोडताना सारखी मान वळवायचा. आज एकदाही वळवली नाही. वाकून काम करत राहिला, वर शीळ घालत. मी झाडीकडे बघायचं सोडून त्याच्या पाठीकडे बघत होतो.

कॅम्पजवळ गोळी झाडायची मनाई, म्हणून करूनही बघता येत नाही. एक गोळी मनगट कदाचित सोसेल. दुसरीच्या वेळी हात वर येईल का, माहीत नाही.

जेवताना सांगायचं ठरवलं होतं. त्याच्या बायकोचा फोन आला. तिला सांगत होता, यंदा मला छान झोप लागतेय. मी थाळ्या विसळायला उठलो.

६ ऑक्टो., सकाळ

ओवेन तंबूत डोकावून गेला. आज वरच्या नाल्यात जायचं म्हणतोय. नमुने तिथेच चांगले मिळतील, पण झाडी दाट आहे, दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. म्हणाला, “तू म्हणशील तसं. तू नको म्हणालास तर नको.”

तो कारण विचारणार नाही, हेही ठाऊक आहे मला. आणि नुसतं ‘नको’ म्हणालो, तर ती आणखी एक सबब होईल.

बाहेर तो बूट चढवतोय. माझ्या उत्तराची वाट बघत, शीळ घालत.